विश्लेषण : कोकणात रेल्वेचा नवा वेगवान मार्ग कशासाठी? मधु दंडवते यांची कारकीर्द काय सांगते?

मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेन मार्गाचे काम सुरू आहे. कोकणात असा मार्ग हवा का, याचा विचार करताना मधु दंडवते यांची कारकीर्द आठवावी लागते.

मधु दंडवते कोण होते?
जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात ते उतरले. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि सलग पाचदा निवडून आले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला.

रेल्वेमंत्री म्हणून काय केले?
१९७७ ते १९७९ या काळात त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्यांना पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. आपटा-रोहा मार्गही याच काळात मार्गी लागला. १९८६ मध्ये गाडी पेणमार्गे रोह्याला पोहोचली आणि रामवाडीसारख्या वस्त्यांना एसटीखेरीज दुसरा पर्याय मिळाला.

रोह्यापुढे रूळ कसे गेले?
१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. तेव्हा दंडवते अर्थमंत्री, तर जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. केंद्रासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ भागीदार झाले आणि रोख्यांतून पैसा उभारला गेला. १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला.

आज अडचण काय?
रोहा-वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे बहुतांश मार्ग एकेरीच आहे. समोरून गाडी आली की एकीला स्थानकात थांबावे लागते. वंदे भारतसारखी वेगवान गाडी आली की पॅसेंजर व मालगाडी बाजूला काढली जाते. वेगातील हा फरक वाढला की त्याच रुळांवर एकूण गाड्या कमी बसतात.

नवा मार्ग हाच उपाय?
दुहेरीकरण तुलनेने स्वस्त आणि तातडीचे. पण त्यानंतरही वेगवान व संथ गाड्या एकाच रुळांवर राहतात. वेगवान गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळाले, तर जुन्या मार्गावर लोकल, पॅसेंजर आणि मालगाड्यांना जागा होते. नव्या मार्गाचे खरे समर्थन वेगापेक्षा या मोकळ्या होणाऱ्या जागेत आहे. ती जागा पेण-रोह्याच्या रोजच्या प्रवाशाला मिळणार नसेल, तर खर्चाचे समर्थन अवघड.

दंडवते यांचे १२ नोव्हेंबर २००५ रोजी निधन झाले. साध्या डब्यातला प्रवासी हाच त्यांच्या रेल्वे धोरणाचा केंद्रबिंदू होता. नव्या मार्गालाही तीच कसोटी लावायला हवी.