समर्थ रामदास : घराणे व आडनाव
समर्थ रामदास (मूळ नाव : नारायण सूर्याजीपंत ठोसर, जन्म : चैत्र शुद्ध ९, शके १५३०, जांब, मृत्यू : माघ वद्य ९, शके १६०३, सज्जनगड) हे 'दासबोध'कर्ते मराठी संतकवी होते. आज पोलाद व बियाण्यांच्या उद्योगांमुळे परिचित असलेल्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात त्यांचे जन्मगाव असून ते 'जांब समर्थ' म्हणून ओळखले जाते.

ठोसर घराणे देशस्थ ऋग्वेदी, जमदग्नी गोत्राचे. मूळपुरुष कृष्णाजीपंत बेदर प्रांतातून गोदातीरी आले, असे संप्रदायाची परंपरा सांगते. ही कुळाची आठवण होय, कागदोपत्री पुरावा नव्हे. ठोसर हे आडनाव, तर गावचे कुलकर्ण हे वतन. अनेक घराण्यांत वतनाच्या नावाने मूळ आडनाव झाकले गेले. येथे ते टिकले.

परंपरेनुसार बाराव्या वर्षी नारायण लग्नमंडपातून निघून गेला. टाकळी येथील बारा वर्षांचे तप व तितकेच तीर्थाटन आटोपून तो परतला, तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी गेली होती. पुढे कृष्णाकाठ हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

रामदास अविवाहित राहिले. वडील बंधू गंगाधरपंत, म्हणजे 'श्रेष्ठ', यांनी जांबेचा संसार सांभाळला. त्यांच्याच वंशजांकडे पुढे चाफळ-सज्जनगडची व्यवस्था आली आणि ठोसरांची ही शाखा 'स्वामी' या आडनावाने ओळखली जाऊ लागली. संप्रदायाची जुनी बाडे व कागदपत्रे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठोमठी हिंडून जमवली.