स्त्रीच्या दुःखाला रंगमंच देणारा युरिपिडीस

इसवी सनापूर्वी ४३१ सालचा वसंत ऋतू. अथेन्स नगरीत डायोनायसस देवाचा उत्सव सुरू होता. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो नागरिक शोकांतिकांची स्पर्धा पाहण्यासाठी जमले होते. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला तो थोर नाटककार एस्किलसचा मुलगा युफोरियन याला. दुसरा आला सोफोक्लीज. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला युरिपिडीस. त्या दिवशी त्याने सादर केलेल्या नाटकांपैकी एकाचे नाव होते ‘मेडिया’. युफोरियनच्या नावावर आज एकही नाटक शिल्लक नाही. ‘मेडिया’ मात्र अडीच हजार वर्षांनंतरही जगभर रंगमंचावर येत आहे.

युरिपिडीसचा जन्म सालामिस बेटावर, इसवी सनापूर्वी ४८०च्या सुमारास झाला असे परंपरा सांगते. याच बेटालगतच्या समुद्रात त्या वर्षी ग्रीकांनी इराणी आरमाराचा पराभव केला होता. बेटावरील एका निवांत गुहेत बसून तो लेखन करीत असे, अशी आख्यायिका आहे. १९९०च्या दशकात तेथील एका गुहेत झालेल्या उत्खननात त्याचे नाव कोरलेल्या पेल्याचे अवशेष सापडले. हे नाव त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने कोरलेले असले, तरी प्राचीन काळीही रसिक त्याच्या शोधात तेथवर पोहोचत होते, एवढे त्यावरून दिसते.

इसवी सनापूर्वी ४५५ मध्ये तो प्रथम स्पर्धेत उतरला. त्या वर्षीच्या नाटकांत पेलियास राजाच्या मुलींची कथा होती. मेडियाच्या सांगण्याला भुलून या मुली अजाणतेपणी आपल्या पित्याचा घात करतात. म्हणजे कारकिर्दीच्या आरंभापासूनच स्त्री त्याच्या नाट्यविश्वात मध्यभागी होती. तेव्हाही तो तिसराच आला. पहिला विजय मिळण्यास ४४१ साल उजाडावे लागले. सुमारे ९० नाटके लिहिणाऱ्या या नाटककाराला हयातीत अवघ्या चार वेळा पहिला मान मिळाला.

त्या काळच्या अथेन्समध्ये लोकशाही होती, पण ती पुरुषांची. स्त्रीला नगरसभेत स्थान नव्हते. न्यायालयात तिची बाजू पालक मांडत असे. लग्नापूर्वी पिता आणि नंतर पती. विवाह ठरे तो या पालकांमध्ये. रंगमंचावरील स्त्रीभूमिकाही मुखवटे घालून पुरुष नटच करीत. ज्या स्त्रीला प्रत्यक्षात चार लोकांसमोर बोलण्याची मुभा नव्हती, तिला युरिपिडीसने संपूर्ण नगरासमोर आपली कैफियत मांडायला लावली, आणि तीही युक्तिवादासह.

मेडिया ही परदेशी स्त्री. जेसनसाठी तिने पिता, बंधू, मायभूमी सारे सोडले. तोच जेसन कॉरिंथच्या राजकन्येशी विवाह करतो आणि हे सर्व तिच्या हितासाठीच केल्याचे तिला समजावतो. परक्या नवऱ्याच्या घरी हुंडा देऊन जाणे, तो कसा निघेल हे नशिबावर सोपवणे आणि प्रसूतीचा धोका पत्करूनही सुरक्षित जीवन जगल्याचा टोमणा ऐकणे, हे स्त्रीचे प्राक्तन मेडिया एकेक करून सांगते. पुढे ती नव्या वधूचा आणि अखेरीस आपल्याच दोन मुलांचा बळी घेते. तिच्या हातून मुलांची जाणूनबुजून झालेली ही हत्या युरिपिडीसनेच कथेत आणली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नाटक तिला निर्दोष ठरवीत नाही. मात्र तिच्या क्रोधाची कारणे प्रेक्षकाला टाळू देत नाही. शेवटी सूर्यदेवाच्या रथातून ती आश्रयासाठी जाते, ती थेट अथेन्सलाच. पेरिक्लीसच्या ४५१ सालच्या कायद्याने आईवडील दोघेही अथेन्सचे असल्याखेरीज नागरिकत्व न देणाऱ्या नगराला हा शेवट रुचणे कठीणच होते.

त्याच वर्षी स्पार्टाशी दीर्घ युद्ध पेटले. वर्षअखेरीस पहिल्या मृतांना निरोप देताना पेरिक्लीसने जे भाषण केले, ते इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवून ठेवले आहे. त्यात विधवांना उपदेश होता तो इतकाच, की पुरुषांमध्ये जिची चर्चा कमीत कमी होते तीच स्त्री भूषणावह. काही महिन्यांपूर्वी याच नगराने मेडियाला ऐकले होते.

नगराला कोणती नायिका मानवते याचे उत्तर ‘हिपोलिटस’ने दिले. सावत्र मुलावर आसक्त झालेली फेड्रा युरिपिडीसने आधी एका नाटकात उघडपणे प्रेम व्यक्त करणारी रंगवली होती. त्यावर प्रेक्षकांचा रोष झाला. त्याने तोच विषय पुन्हा लिहिला. या वेळी फेड्रा आपली वासना लपवते, तिच्याशी झुंजते आणि अब्रूच्या भीतीने मरण पत्करते. ४२८ मध्ये या नाटकाला पहिला क्रमांक मिळाला. ४३८ सालच्या ‘अल्केस्टिस’मध्ये पतीचे आयुष्य वाचावे म्हणून पत्नी स्वतः मृत्यू स्वीकारते. हेराक्लीस तिला मृत्यूच्या हातून सोडवून आणतो, पण परतलेली अल्केस्टिस एक शब्दही बोलत नाही. पतिव्रतेचा हा गौरव मानायचा की तिचा प्राण स्वीकारणाऱ्या पतीवरचा ठपका, हे युरिपिडीसने प्रेक्षकांवर सोपवले.

समकालीनांनी त्याच्यावर स्त्रीद्वेष्टा असा शिक्का मारला. विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने तर ४११ मध्ये त्याच्यावरच एक प्रहसन रचले. अथेन्सच्या स्त्रिया एकत्र जमून, आपली बदनामी केल्याबद्दल युरिपिडीसला शिक्षा देण्याचा विचार करतात, अशी त्याची कल्पना. त्याची आई भाजी विकत असे, हा टोमणाही याच प्रहसनांतून रूढ झाला. वास्तविक त्याने स्त्रीला देवी केले नाही, तसे दासीही केले नाही. चुका करणारी, सूड घेणारी, भिणारी आणि विचार करणारी माणसे म्हणूनच त्याने स्त्रिया उभ्या केल्या. त्याच्या नावावर आज उपलब्ध असलेल्या १९ नाटकांपैकी १२ नाटकांची शीर्षके एखाद्या स्त्रीवरून किंवा स्त्रियांच्या समूहावरून आली आहेत.

त्याच्या धैर्याची खरी कसोटी लागली ती ४१५ मध्ये. आदल्या हिवाळ्यात अथेन्सच्या सैन्याने मेलोस हे बेट जिंकून तेथील प्रौढ पुरुषांची कत्तल केली होती आणि स्त्रिया व मुलांना गुलाम म्हणून विकले होते. त्यानंतर काही महिन्यांतच युरिपिडीसने ‘ट्रोजन स्त्रिया’ सादर केले. यात युद्ध संपलेले आहे, पुरुष मारले गेले आहेत. उरल्या आहेत त्या राणी हेक्युबा, तिच्या लेकीसुना आणि कोणत्या विजेत्याच्या वाट्याला कोण जाणार याची प्रतीक्षा. अँड्रोमकीच्या लहानग्याला तटावरून फेकून मारले जाते आणि त्याचे कलेवर पित्याच्या ढालीवर ठेवून आजीपुढे आणले जाते. विजेते ग्रीक होते आणि प्रेक्षकही ग्रीक. या नाटकाला दुसरा क्रमांक मिळाला. त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे आरमार सिसिलीच्या मोहिमेवर निघाले.

दोन वर्षांनी त्या मोहिमेचा सर्वनाश झाला. हजारो कैदी सिराक्यूसच्या दगडखाणींत खितपत पडले. युरिपिडीसच्या नाटकांतील पदे म्हणून दाखवल्यामुळे काहींची सुटका झाली आणि घरी परतल्यावर त्यांनी कवीचे आभार मानले, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

४०८ नंतर वृद्ध युरिपिडीस अथेन्स सोडून मॅसिडोनियाचा राजा आर्केलाओस याच्या दरबारी गेल्याची परंपरा आहे. ४०६ मध्ये त्याचे निधन झाले. वार्ता समजताच सोफोक्लीजने आपल्या गायकवृंदाला पुष्पमुकुटांविना लोकांपुढे आणले, असे म्हणतात. मरणोत्तर सादर झालेल्या नाटकांत ‘ऑलिसमधील इफिजिनिया’ होते. जहाजांना वारा मिळावा म्हणून बाप जिचा बळी द्यायला निघतो, त्या मुलीची ही कथा. तिच्यासोबत ‘बक्काय’ही रंगमंचावर आले. या वेळी अथेन्सने त्याला पहिला क्रमांक दिला.

४०४ मध्ये अथेन्स शरण गेले. नगर जमीनदोस्त करावे, असा प्रस्ताव विजेत्यांपुढे आला. त्यानंतरच्या मेजवानीत फोकिस प्रांतातील एकाने युरिपिडीसच्या ‘इलेक्ट्रा’मधील वृंदगीत म्हटले, असे प्लुटार्क लिहितो. राजकन्या असून झोपडीत राहणाऱ्या इलेक्ट्राला उद्देशून स्त्रियांच्या वृंदाने गायलेले ते गीत ऐकून उपस्थितांची मने द्रवली आणि अशा कवीला जन्म देणारे नगर नष्ट करणे त्यांना अनुचित वाटले. ज्या नगराने स्त्रीचे मौन हे तिचे भूषण मानले, त्याच्या बाजूने त्या रात्री बोलली ती युरिपिडीसची एक नायिका.