रेव्हरंड टिळक : स्नेह, भाषा आणि प्रार्थना

आपल्या शाळेतून साठ वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आठवत असेल. जखमी होऊनही पिलांच्या ओढीने घरट्याकडे परतणाऱ्या पक्षिणीने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे ओलावले आहेत. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. सातासमुद्रापलीकडून आलेल्या मिशनऱ्यांशी त्यांचे जे स्नेहाचे आणि प्रार्थनेचे नाते जडले, त्यात देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात त्या नात्याचे स्मरण करणे उचित वाटते.

टिळकांचा जन्म 1861 साली कोकणातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई कवितेची आवड असलेली आणि मायाळू होती; ती लवकर गेली. वडिलांचा स्वभाव कडक होता. पोरवयातच घराचा आधार सुटलेला हा मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. 1880 च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. संसार थाटला तरी टिळकांचे मन एका जागी स्थिर होत नव्हते. शिक्षकी, कीर्तने, पुराणे, संपादन असे अनेक उद्योग त्यांनी केले. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ ग्रंथांच्या सहवासात गेला. देशाचे दारिद्र्य आणि जातिभेद यांनी त्यांना अस्वस्थ केले होते, आणि ज्या धर्मात सर्व माणसे भावंडे ठरतील अशा धर्माचा ते शोध घेत होते.

1893 साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. दोघांत काव्याच्या आणि धर्माच्या गप्पा झाल्या. उतरताना त्या प्रवाशाने बायबलची प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले; पण दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनी वाचन सुरू केले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. त्या वचनांतील प्रेम आणि क्षमा त्यांच्या मनातून हलेना. पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा परिचय झाला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्याला भारतीय पाद्रींच्या हातून मिळावा असा त्यांचा आग्रह होता. धर्म नवा स्वीकारला, तरी देश आणि स्वत्व सोडलेले नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे होते.

या निर्णयाची किंमत घरच्यांनी मोजली, हे विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर, कधी पंढरपूर तर कधी माहेरच्यांकडे काढली. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या तेव्हाही सोवळेओवळे पाळूनच राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. पत्नीचा विटाळचांडाळ हळूहळू गळून पडला तो तिच्या स्वतःच्या विचाराने, आणि 1900 साली तिने आपल्या मनाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विश्वास हा कोणावर लादायचा नसतो, हे टिळकांच्या घरात असे प्रत्यक्ष आचरणात आले.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र. या मिशनचे पहिले लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 पासून नगरला त्यांचे काम सुरू झाले. टिळकांच्या काळी तेथे डॉ. रॉबर्ट ह्यूम हे ज्येष्ठ मिशनरी होते. आईवडील अमेरिकन, पण जन्म 1847 साली मुंबईतला. अमेरिकेत शिकून ते पुन्हा याच मातीत परतले होते. त्यांनी उभारलेल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक शिकवू लागले. 1899-1900 च्या भीषण दुष्काळात अन्नान्नदशा झालेली शेकडो मुले मिशनच्या आश्रयाला आली. त्या पोरक्या मुलांच्या सेवेत टिळक पतिपत्नी आणि परदेशी मिशनरी एकत्र राबले. एकत्र प्रार्थना करण्यापूर्वी एकत्र काम करावे लागते, याचा वस्तुपाठ त्या वर्षांनी घालून दिला असे म्हणता येईल.

पण प्रार्थना कोणत्या भाषेत आणि कोणत्या सुरात करायची? मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीते बहुधा म्हटली जात. शब्द मराठी असत, पण त्यांचा श्वास परका असे. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर पोसलेल्या टिळकांना हे रुचणे शक्य नव्हते. त्यांनी अभंग, ओवी, पदे यांतून ख्रिस्तभक्ती गायिली. टाळ-मृदंग घेऊन कीर्तने केली. शंभराहून अधिक भक्तिगीते त्यांनी मराठी मंडळींना दिली आणि ती आजही महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंदिरांतून म्हटली जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. परदेशी मिशनऱ्यांना त्यांनी दिलेली खरी भेट हीच. जे शिकवायला आले होते ते आता मांडी घालून ऐकू लागले. पुण्यातील स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी टिळकांच्या कविता इंग्रजीत नेल्या. त्यांतील एक भक्तिगीत स्कॉटलंडच्या चर्चच्या गीतसंग्रहातही समाविष्ट झाले. ज्यांनी गीते आणली त्यांच्याच देशी मराठी गीत परत गेले!

हा स्नेह गोडगोड बोलण्यावर उभा नव्हता. मिशनरी साहेब आणि देशी ख्रिस्ती यांच्यातील अंतर टिळकांना खुपत असे. एकाने पगार द्यायचा आणि दुसऱ्याने हाताखाली काम करायचे, अशा व्यवस्थेत बंधुभाव पोकळ ठरतो, हे ते स्पष्ट बोलून दाखवीत. मिशनऱ्यांनी मालक न होता भाऊ व्हावे, ही त्यांची मागणी होती. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 1912 पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. म्हणजे हे बोलणारा माणूस संस्थेच्या आतला होता. अखेर 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, देशी आणि परदेशी, असे सारे ख्रिस्तभक्त एका पंक्तीला बसणार होते. वेतनाचा धागा तुटला, पण मैत्रीचा तुटला नाही. उलट मित्र म्हणून समोरासमोर बसण्याची खरी मोकळीक तेव्हाच लाभली.

टिळकांचे घर ख्रिस्ती नसलेल्यांनाही तितकेच मोकळे होते. 1907 साली जळगावला भरलेल्या पहिल्या मराठी कविसंमेलनासाठी ते झटले. तेथे 'बालकवी' ही पदवी मिळालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले.

9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले व अस्थी नगरला नेण्यात आल्या. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अकरा अध्यायांपाशी थांबले होते. एकेकाळी ज्या धर्मांतराने लक्ष्मीबाई दुरावल्या होत्या, त्याच श्रद्धेचे ते काव्य त्यांनी चौसष्ट अध्याय रचून पूर्ण केले.

मित्रही त्यांना विसरले नाहीत. नगरला काम केलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1923 साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी 1922 मध्ये त्यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापला होता. युरोपीय आणि भारतीय सभासदांनी एकत्र, साधेपणाने आणि बरोबरीच्या नात्याने राहावे, हा त्याचा हेतू होता. टिळकांच्या स्वप्नाची छाया त्यावर पडली आहे. याच संघातून 1927 साली व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात आले. डॉ. अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून, पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने, बहिणाबाई आणि तुकाराम यांच्यासारख्या संतांची चरित्रे व काव्य इंग्रजीत आणले. 1932 साली मृत्यू येईपर्यंत हे काम चालू होते. मराठी माणसाला बायबलकडे नेणारा हा मिशनरी आयुष्याच्या संध्याकाळी मराठी संतांच्या पायाशी बसला होता.

आज आपले माजी विद्यार्थी पुण्यात, बंगळुरात, मानेसरच्या कारखान्यांत आणि परदेशांतही वावरतात. परक्या गावी, परक्या भाषेत, परक्या श्रद्धेच्या माणसांबरोबर त्यांना घर करायचे असते. अशा वेळी मुलांची मातृभाषा ही अडचण ठरेल की काय, अशी शंका अनेक पालक बोलून दाखवतात. टिळकांच्या चरित्रात तिचे उत्तर आहे. त्यांनी परक्यांशी मैत्री केली ती आपली भाषा बाजूला ठेवून नव्हे, तर तीच त्यांच्यापुढे ठेवून. ज्याच्यापाशी स्वतःचे असे काही द्यायला असते, तोच बरोबरीच्या नात्याने घेऊही शकतो. आपल्या शाळेने साठ वर्षे मुलांच्या ओंजळीत मराठी घातली आहे. ती त्यांनी निःसंकोचपणे जगापुढे धरावी आणि जगाचेही मोकळ्या मनाने घ्यावे, हीच या शुभप्रसंगी प्रार्थना.