सिंहलद्वीपाचे प्रेषित संत जोसेफ वाझ

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर कासारवाडीतील एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. पहिली पाळी संपवून ते कारखान्यातून तसेच आले होते. हातात रिकामा डबा होता आणि चेहऱ्यावर काळजी होती. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गातला. आपणास धर्मगुरू व्हावयाचे आहे, असे त्याने आदल्या रात्री कुटुंबप्रार्थनेनंतर घरी सांगितले होते. मुलगा एकुलता एक. त्याने शिकून नोकरीस लागावे व संसारास हातभार लावावा, ही आईबापांची आशा. तेव्हा गुरुजींनी चार शब्द सांगून त्याचे मन वळवावे, एवढेच त्या गृहस्थांचे मागणे होते. आम्ही त्यांस धीर दिला, परीक्षा होईपर्यंत थांबावे असे सुचविले, आणि मुलाशी मात्र काहीच बोललो नाही. त्या मौनाची रुखरुख आम्हांस अद्याप आहे. जे चरित्र आम्ही त्या दिवशी त्या पितापुत्रांस सांगावयास हवे होते, ते आज या वार्षिकाच्या द्वारे सर्वच विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या हाती देत आहोत.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या गावी, आजोळी झाला. पित्याचे नाव क्रिस्तोव्हाव वाझ व मातेचे मरिया दि मिरांडा. घराणे कोंकणी ब्राह्मण कुळातील, श्रद्धाळू ख्रिस्ती. मूळ गाव सांकवाळ. सहा भावंडांत जोसेफ तिसरा. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. सांकवाळला पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन भाषेचा अभ्यास करीत असताना हा मुलगा जितका पुस्तकात रमे तितकाच प्रार्थनेत रमे. थोरांच्या बालपणी आकाशवाणी झाल्याच्या कथा आपण ऐकतो. येथे तसे काही नाही. एक सुसंस्कृत घर, गावचे चर्च, सायंकाळची घंटा आणि हातातील जपमाळ, एवढ्याच सामग्रीवर या जीवनाचा पाया घातला गेला.

पुढील शिक्षणासाठी पित्याने त्यांस गोवा शहरात पाठविले. तेथे येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात साहित्याचा व अलंकारशास्त्राचा आणि दोमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्वायनस विद्यालयात तत्त्वज्ञानाचा व ईश्वरविज्ञानाचा अभ्यास करून १६७६ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. दीक्षेनंतर गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा त्यांनी परिपाठ ठेविला. त्या काळी भारतीय धर्मगुरूचे स्थान मोठे नव्हते. युरोपीय व्रतस्थ संघांची दारे देशी तरुणांस बहुधा बंद असत, आणि विद्वान असूनही देशी धर्मगुरूस दुय्यम कामावर समाधान मानावे लागे. वाझ यांनी याविषयी तक्रार केली नाही. ते सांकवाळला परत आले आणि सेमिनरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लॅटिनची एक शाळा काढली. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट विशेष विचार करावयास लावणारी वाटते. ज्यांस पुढे संतपद लाभले, त्यांनी आरंभीच हाती घेतलेले कार्य शिक्षकाचे होते. मुलाच्या मनात उगवलेल्या पाचारणाच्या कोंबाला त्यांनी व्याकरणाचे व अभ्यासाचे पाणी घातले. परीक्षा होईपर्यंत थांब, असे सांगून ते बाजूस सरले नाहीत.

१६७७ साली त्यांनी स्वतःस पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतले. याच सुमारास सिंहलद्वीपातील ख्रिस्ती लोकांची हकीकत त्यांच्या कानी आली. १६५८ साली डच लोकांनी पोर्तुगीजांचा पाडाव करून त्या बेटाचा किनारा जिंकला होता. डच हे सुधारणावादी पंथाचे. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंस हाकलून दिले, चर्चे ताब्यात घेतली आणि धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहदंड फर्माविला. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याजवळ धर्मगुरू नाही, अशा स्थितीत हजारो कुटुंबे तेथे दिवस कंठीत होती. त्यांच्याकडे जाण्याची वाझ यांची इच्छा होती. परंतु १६८१ साली वरिष्ठांनी त्यांस कानडा प्रांतात धाडले. तेथे दोन धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारांचा वाद पेटलेला होता. त्या वादात न गुरफटता त्यांनी मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागांत पायी फिरून विखुरलेल्या श्रद्धावंतांस एकत्र आणले, शाळा काढल्या व प्रार्थनेची घडी बसविली. आपल्या मनाची हाक आणि वरिष्ठांची आज्ञा यांत अंतर पडले असता आज्ञा आधी पाळावी, हे त्यांनी तीन वर्षे कृतीने दाखविले.

१६८४ साली ते गोव्यास परतले. जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या टेकडीवर काही देशी धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे व दारिद्र्याचे जीवन जगू लागले होते. १६८५ साली वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख निवडले गेले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी संघाच्या नियमांवर त्यांनी या मंडळीची व्यवस्था लावली. आशिया खंडातील देशी धर्मगुरूंच्या आद्य व्रतस्थ संघांत गोव्याच्या या ओरेटरीची गणना होते. परक्यांच्या दारी ज्यांस जागा मिळाली नाही, त्यांनी कोणाशी न भांडता स्वतःचे घर बांधले. आणि ते घरही स्वतःच्या मानासाठी नव्हे, तर दूरच्या अनाथ समाजासाठी.

कारण संघ स्थिर होताच वाझ यांनी प्रमुखपद सोडले व १६८६ साली ते गोव्याहून निघाले. सोबत घरचा विश्वासू तरुण सेवक जॉन होता. १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात ते याफना बंदरी उतरले, तेव्हा हगवणीने त्यांचा देह अस्थिपंजर झाला होता. कोणा दयाळू स्त्रीने रोज पेज आणून देऊन त्यांस जगविले, असे चरित्रकार सांगतात. उठण्याची शक्ती येताच ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, इकडे त्यांचे लक्ष असे. भिक्षेच्या झोळीतून ते अन्न नव्हे तर आपली हरवलेली मेंढरे गोळा करीत होते. शेवटी एका घरी ती ओळख उमटली, आणि सुमारे तीस वर्षे धर्मगुरूंवाचून राहिलेल्या त्या समाजात दबल्या आवाजात बातमी पसरली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. धर्मगुरू नसता तीस वर्षे तो समाज टिकला कसा? आजी नातवास प्रार्थना शिकवी, बाप मुलास खूण शिकवी, दारे लावून कुटुंब गुडघे टेकी, म्हणून टिकला. घराघरांतील ती मंद ज्योत विझली असती, तर वाझ यांच्या गळ्यातील जपमाळ ओळखावयास तेथे कोणीच उरले नसते. सिल्लालै या गावी मुक्काम ठेवून ते रात्रीच्या वेळी मिस्सा करीत, बाप्तिस्मा देत, आजाऱ्यांस भेटत आणि उजाडण्यापूर्वी नाहीसे होत. एका नाताळच्या रात्री मिस्सासाठी जमलेल्या लोकांवर डच शिपायांनी झडप घातली. अनेकजण पकडले गेले व काहींस कठोर शिक्षा भोगावी लागली. परंतु त्यांनी धर्मगुरूस शत्रूच्या हाती पडू दिले नाही.

पुढे पुत्तलमवरून वाझ १६९२ साली बेटाच्या मध्यभागी असलेल्या कँडीच्या बौद्ध राज्यात गेले. पोर्तुगीजांचा हेर अशी चहाडी झाल्यामुळे राजाने त्यांस जॉनसह बंदीत टाकिले. बंदीत त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास आरंभिला आणि पहारा सैल होताच आवारात एक झोपडी उभारून तिचे प्रार्थनामंदिर केले. शहरातील कॅथलिक चोरवाटेने तेथे येऊ लागले. पुढच्या वर्षी अवर्षण पडले असता राजाच्या विनंतीवरून वाझ यांनी उघड्या मैदानात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. एवढे मात्र निश्चित की राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांस मोकळे केले आणि आपल्या राज्यात धर्मकार्य करण्याची मुभा दिली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी ज्यांस हद्दपार केले, त्यांस एका बौद्ध राजाने आसरा दिला, ही गोष्ट भिन्न धर्मांच्या मुलांनी एका बाकावर बसून शिकणाऱ्या आपल्या शाळेने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

नऊ वर्षे एकट्याने श्रम केल्यावर १६९६ साली गोव्याच्या ओरेटरीतून त्यांच्या मदतीस धर्मगुरू येऊन पोहोचले. लगेच दुसऱ्या वर्षी कँडीत देवीची साथ उद्भवली. राजा व सरदार शहर सोडून गेले. घरच्या माणसांनीही रोग्यांस रानात टाकिले. वाझ व त्यांचे सहकारी फादर कारव्हालो यांनी त्या रोग्यांस निवारा दिला, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांस अन्न भरविले आणि मृतांस मूठमाती दिली. यात ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, हे त्यांनी पाहिले नाही.

त्यांच्या कार्याचे मर्म त्यांच्या व्यवस्थेत होते. बेट विस्तीर्ण आणि धर्मगुरू थोडे. वर्षातून एकदोनदाच एखाद्या गावी जाणे घडे. म्हणून गावोगावी त्यांनी अण्णावी या नावाचे प्रार्थनाप्रमुख नेमिले. धर्मगुरूंच्या गैरहजेरीत लोकांस रविवारी एकत्र करणे, प्रार्थना चालविणे, मुलांस धर्मशिक्षण देणे ही कामे हे सामान्य गृहस्थ करीत. तमिळ व सिंहली भाषांत प्रार्थना व धर्मशिक्षण सिद्ध करण्यात आले. १७०५ साली गोव्याजवळील दिवाडी बेटावरील तरुण धर्मगुरू जाकोम गोन्साल्विस तेथे आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके विपुल ग्रंथ रचिले की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे ते जनक मानले जातात. स्वतः वाझ यांस बिशपपद देण्याचा विचार झाला होता. पण त्यांनी साधे मिशनरी राहणेच पसंत केले. अखंड प्रवासाने झिजलेला त्यांचा देह १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे विसावला. वय अवघे एकोणसाठ वर्षांचे होते; गोवा सोडल्यावर त्यांनी आपले घर पुन्हा पाहिले नाही.

त्यांच्यामागून शंभराहून अधिक वर्षे गोव्याचे पुत्र त्या बेटावर जात राहिले. पुढे पोर्तुगीज सरकारने व्रतस्थ संघ बंद केले, तेव्हा १८३५ साली गोव्याची ओरेटरीही बंद झाली. तिने जगविलेला समाज मात्र आजही नांदत आहे. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे वाझ यांस धन्य म्हणून घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरी पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

या चरित्राचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. भारतातील तरुणांस धर्मगुरुपदाचे उत्तम शिक्षण मिळावे म्हणून पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली एक सेमिनरी स्थापिली, ती कँडी येथेच. तीच सेमिनरी १९५५ साली कँडीहून पुण्यास आली व नगर रस्त्यावर आजही चालू आहे. गोव्याचा एक सुपुत्र दुसऱ्यांसाठी कँडीस गेला. पुढे कँडीची विद्या आपल्या दाराशी आली. दिलेले दान परत येते ते असे.

आता पालकांस एक विनंती. आपल्या कासारवाडीत कोणी कोकणातून, कोणी नगरकडून, कोणी गोव्याहून वा मंगळूराहून पोटासाठी आले. पाळ्यांच्या धबडग्यात सारे कुटुंब एकत्र बसण्याची वेळ साधणे कठीण, हे आम्ही जाणतो. तरी दिवसाकाठी दहा मिनिटे एकत्र प्रार्थना होऊ द्यावी, रविवारच्या उपासनेत आपली जागा रिकामी राहू देऊ नये. आणि त्या प्रार्थनेतून एखादे दिवशी मुलाने वा मुलीने देवाची हाक ऐकू आल्याचे सांगितले, तर भिऊ नये, घाईही करू नये. हाक खरी असेल तर ती टिकेल. खोटी असेल तर आपोआप विरेल. आपण फक्त तिचा गळा दाबू नये. एकुलता मुलगा देणे सोपे आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते सोपे नाही, म्हणूनच त्याला दान म्हणतात.

आणि विद्यार्थी मित्रहो, सर्वांनीच धर्मगुरू व्हावे असे नव्हे. अण्णावी नसते तर वाझ यांचे कार्य टिकले नसते, आणि पेज देणारी ती स्त्री नसती तर ते कार्य सुरूच झाले नसते. प्रत्येकास आपली हाक आहे. ती ऐकण्यापुरती शांतता मात्र ज्याने त्याने राखली पाहिजे.

तो मुलगा अद्याप आमच्या वर्गात आहे. हा अंक त्याच्या हाती पडेल त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्यास थांबवून घेणार आहोत, आणि तोंडून बोलावयाचे राहिलेले ते चार शब्द त्याच्या वडिलांच्या समक्ष बोलणार आहोत.