किड्यांवरून मृत्यूचा काळ सांगणारा लष्करी पशुवैद्य : झाँ पिएर मेन्याँ

एखादा मृतदेह सापडला, की पोलिसांचा पहिला प्रश्न असतो : मृत्यू कधी झाला? पहिले दोन-तीन दिवस शरीराचे तापमान आणि ताठरपणा यांवरून डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. त्यानंतर या खुणा निरुपयोगी होतात. मग आठवडे किंवा महिने उलटून गेलेल्या मृत्यूचा काळ कसा काढायचा? या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्याचा पाया ज्याने घातला, तो माणूस मूळचा घोड्यांचा डॉक्टर होता.

झाँ पिएर मेन्याँ यांचा जन्म 1828 साली पूर्व फ्रान्समध्ये झाला. आल्फोर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते फ्रेंच लष्करात पशुवैद्य झाले. लष्कराच्या घोड्यांना खरूज फार व्हायची. ही खरूज माइट नावाच्या, कोळ्यांच्या कुळातल्या सूक्ष्म जीवांमुळे होते. मेन्याँ सूक्ष्मदर्शकाखाली हे जीव पाहू लागले आणि हळूहळू परजीवी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला.

एका अर्भकाचा मृतदेह

जानेवारी 1878 मध्ये पॅरिसमधील न्यायवैद्यक तज्ज्ञ पॉल ब्रूआर्देल यांच्याकडे एका नवजात अर्भकाचा वाळून गेलेला देह तपासणीसाठी आला. त्यावर अळ्या आणि असंख्य माइट होते. ब्रूआर्देल यांनी नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील प्राध्यापक पेरिए आणि मेन्याँ या दोघांची मदत मागितली.

मेन्याँ यांनी मेलेले आणि जिवंत असे सगळे माइट धरून संख्येचा अंदाज काढला. तो आला सुमारे 24 लाख. आता उलटा हिशेब सुरू झाला. दर 15 दिवसांनी नवी पिढी येते आणि संख्या दहापट होते, असे त्यांनी धरले. पहिल्या पिढीत 10 माद्या आणि 5 नर मानले, तर 90 दिवसांनी 10 लाख माद्या आणि 5 लाख नर होतात. पण हे माइट देह सुकल्यावरच येतात आणि सुकायलाही काही महिने लागतात. म्हणून मृत्यूला किमान 5, कदाचित 7 ते 8 महिने झाले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पेरिए यांनी पतंगाच्या अळ्यांवरून स्वतंत्रपणे काढलेला अंदाज 6 ते 7 महिन्यांचा होता.

हिशेब चुकला तर?

किड्यांचा असा उपयोग यापूर्वीही झाला होता. 1850 मध्ये फ्रान्समधल्याच आर्बुआ गावी एका घराच्या शेकोटीच्या भिंतीत अर्भकाचा देह सापडला. डॉक्टर बेर्जेरे यांनी माश्यांचे कोष आणि पतंगांच्या अळ्या पाहून मृत्यू 1848 मधला ठरवला. त्यामुळे घरात त्या वेळी राहणाऱ्यांवरचा संशय आधीच्या रहिवाशांकडे वळला. मात्र या किड्यांची वर्षाला एकच पिढी होते, असे बेर्जेरे यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात उन्हाळ्यात माशीची पिढी काही आठवड्यांतच पूर्ण होते. म्हणजे किड्याचे जीवनचक्र नीट माहीत नसेल, तर निरपराध माणूसही अडकू शकतो.

मेन्याँ यांनी नेमके हेच काम हाती घेतले. पॅरिसजवळच्या इव्री येथील दफनभूमीतून उकरलेल्या देहांवरचे किडेही त्यांनी तपासले आणि 1894 मध्ये ‘ला फोन दे काडाव्र’, म्हणजे मृतदेहांवरील प्राणिसृष्टी, हे पुस्तक प्रसिद्ध केले.

आठ टोळ्या

उघड्यावरच्या देहावर किडे ठरावीक क्रमाने येतात आणि त्यांच्या आठ टोळ्या असतात, अशी मांडणी त्यांनी केली. सर्वांत आधी घरमाश्या आणि निळ्या माश्या येतात. दुर्गंधी सुटली की चमकदार हिरव्या माश्या. चरबी खवट झाली, की कातडी खाणारे भुंगेरे. पुढे चीजमध्ये पडणाऱ्या अळ्यांच्या माश्या. देह सुकू लागला, की माइट. पूर्ण वाळल्यावर लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीची भाईबंद मंडळी हजर होते. प्रत्येक टोळीला कुजण्याची विशिष्ट अवस्था मानवते, म्हणून कोणती टोळी हजर आहे यावरून किती काळ लोटला हे सांगता येते.

हे वेळापत्रक मात्र सगळीकडे लागू पडत नव्हते. 1897 मध्ये कॅनडातील जॉन्स्टन आणि व्हिलनव्ह या अभ्यासकांनी मॉन्ट्रियलजवळ निरीक्षणे केली आणि पॅरिसचे कोष्टक दुसरीकडे जसेच्या तसे वापरू नये, असे बजावले. हवामान, ऋतू, ऊन-सावली बदलली की क्रम आणि वेग दोन्ही बदलतात. आजचे तज्ज्ञ म्हणूनच त्या जागेच्या तापमानाच्या नोंदी घेऊन अळ्यांचे वय काढतात.

मेन्याँ यांचे 1905 साली निधन झाले. तीस वर्षांनी, 1935 मध्ये, स्कॉटलंडमधील एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. ग्लासगोचे डॉक्टर मर्न्स यांनी अळ्यांवरून मृत्यूला 12 ते 14 दिवस झाल्याचे सांगितले. दोघी बेपत्ता झाल्याची तारीख त्याच्याशी जुळली. मूळचा मुंबईचा असलेला डॉक्टर बक रक्स्टन या गुन्ह्यात दोषी ठरला आणि 1936 मध्ये त्याला फाशी झाली.