नांगर विकायला दोन वर्षं : लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धडा



आपल्या एडवणच्या कुठल्याही वाडीत सकाळी चक्कर मारा. विहिरीच्या काठावर पंपाची घरघर चालू असते, पाटाने पाणी केळीकडे, पानवेलींकडे, भाजीच्या वाफ्यांकडे धावत असतं. आपली मुलं तो आवाज ऐकतच मोठी होतात. पण वर्गात त्यांना विचारून बघा, पंप पाणी वर कसं आणतो? बहुतेक जण गप्प बसतील, नाहीतर पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणतील. वाडीतला पंप आणि पुस्तकातला पंप एकच आहे, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

यातलीच कितीतरी मुलं दहावीनंतर आयटीआयला जातात, डिप्लोमाला जातात, पुढे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत लागतात. तिथे व्याख्या कुणी विचारत नाही. समोर यंत्र बंद पडलेलं असतं आणि ते का बंद पडलं एवढंच विचारलं जातं. म्हणून आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, त्याचं आडनाव तुम्ही पंपावर नक्की वाचलेलं असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते मोठे उद्योजक होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी ते आपल्यासारखेच एक शिक्षक होते, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

पुस्तकात न रमणारा मुलगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन फारसं रमायचं नाही. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांच्या मनाविरुद्ध ते १८८५ मध्ये मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

चित्रकार व्हायचं स्वप्न मात्र लवकरच मोडलं. काही रंगांमधला फरक आपल्या डोळ्यांना कळतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. रंगांधळेपणा! चित्रकाराला याहून मोठा अडथळा कुठला असणार?

पण रेषा ओढायला रंग लागत नाहीत. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटनं काढायला शिकून घेतलं. एखादी वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसेल, तिची मापं काय, कुठला भाग कुठे बसतो, हे कागदावर इतकं स्पष्ट दाखवायचं की दुसऱ्या कुणालाही त्यावरून ती वस्तू बनवता यावी. पुढे मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले.

पालकहो, इथे थोडं थांबा. एक दार बंद झालं म्हणून मुलगा वाया गेला असं धरून चालणारी माणसं तेव्हाही होती आणि आजही आहेत. दार का बंद झालं ते नीट बघितलं, तर शेजारचं उघडं दार दिसतं.

मुंबईचा मास्तर, बेळगावचा दुकानदार

मुंबईत शिकवत असताना लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली. त्या काळात सायकल म्हणजे नवलाई. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या आणि गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचं. नवी वस्तू विकायची तर ती वापरायला शिकवणं हे विकणाऱ्याचंच काम, हा धडा त्यांना इथे मिळाला. पुढे तो फार उपयोगी पडला.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलींच्या दुकानाला छोट्या कारखान्याची जोड मिळाली. तिथे कडबा कापायचं यंत्र तयार झालं. आख्खा कडबा टाकला तर गुरं पानं खातात आणि जाड बुंधे तुडवून वाया घालवतात. बारीक कापून दिला तर सगळा खाल्ला जातो. ही गोष्ट गोठ्यात उभं राहून बघणाऱ्यालाच कळते. यंत्राची कल्पना तिथूनच येते.

नांगर

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते महाग होते आणि आपल्या शेतीला धरून केलेले नव्हते.

लाकडी नांगरात वाईट काय होतं? तो जमीन चिरतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळवलेला पंखा असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्या पंख्यावरून चढतो आणि पालथा पडतो. खालची माती वर येते, वरचं तण खाली गाडलं जातं. देशावरच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळं धरून बसतात. तिथे खोल नांगरट झाल्याशिवाय ती मुळं निघत नाहीत.

गोष्ट सोपी वाटते ना? मग मुलांना पुढचे प्रश्न विचारा. फाळाचं टोक सारखं मातीत घासतं. मऊ लोखंड घेतलं तर ते लवकर झिजेल. फार कडक घेतलं तर दगडाला लागून तुटेल. बीड ओतायला सोपं आणि स्वस्त, पण ठिसूळ. नांगर जड केला तर खोल जाईल, पण आपल्या बैलांना तो ओढवेल का? मोडलेला भाग शेतकऱ्याला गावातच बदलता येईल का? यातल्या एकाचं उत्तर बदललं की बाकीची सगळी बदलतात. रचना करणं म्हणजे हेच. सगळं एकदम चांगलं मिळत नाही, कुठे किती सोडायचं ते ठरवावं लागतं. आणि ते कागदावर नाही, शेतात ठरतं.

लक्ष्मणरावांसमोर याहूनही मोठी एक अडचण होती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार झाला, पण घेणारं कुणी नव्हतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली!

या दोन वर्षांचा विचार करा. कारागिरांचा पगार द्यायचा, कच्चा माल आणायचा, आणि तयार माल पडून. कुणीही म्हणालं असतं की लोक अडाणी आहेत, त्यांना कळत नाही. पण शेतकऱ्याच्या भीतीलाही कारण होतं. एक हंगाम बुडाला तर त्याचं वर्ष बुडतं. नवा प्रयोग करून बघायची चैन त्याला परवडत नाही. अशा माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नसतो. त्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या शेतात पीक उभं राहिलेलं त्याला दिसावं लागतं. नांगर हळूहळू खपू लागला तो असाच, शेतात दिसला म्हणून.

निवडुंगाचा माळ

धंदा जरा स्थिरावतोय तोच बेळगावात नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ, साप-विंचवांचं घर. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुढे स्टेशनचं नावही तेच झालं.

सोबत होती पंचवीसेक कामगारांची कुटुंबं. वस्तीची आखणी रामूअण्णांनी सांभाळली, यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांनी. त्यात एक होते अनंतराव फळणीकर. शाळा अर्धवट सोडलेली, पण यंत्राच्या बाबतीत डोकं इंजिनिअरचं. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोन माणसांवर वाडीच्या राखणीची जबाबदारी टाकली गेली आणि त्यांनी ती चोख पार पाडली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. माणसाच्या कागदापेक्षा त्याचं काम बघायची त्यांची रीत होती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी नांगरांची आवक आटली, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंड आणि दगडी कोळसाही मिळेना. मग लाकडी कोळशावर भट्टी चालवली, रंग वाडीतच तयार केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा मोडीत दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

१९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागलं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची हा सुरुवातीचा उद्देश. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी गेलं. नांगर, मग उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, आणि १९२६ च्या सुमारास पंप. प्रत्येक यंत्र शेतकऱ्याच्या एखाद्या अडचणीतून आलेलं.

इथे एक गैरसमज व्हायला नको. लक्ष्मणराव पदवीधर नव्हते, म्हणून शिक्षण नको असा या गोष्टीचा अर्थ नाही. १९२२ मध्ये त्यांनी आपला मुलगा शंतनुराव याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला पाठवलं. शेतातला अनुभव कुठवर पुरतो आणि गणित कुठे लागतं, हे त्यांना चांगलं कळत होतं. पंपाचं पातं किती वाकडं असावं हे नुसत्या अंदाजाने ठरत नाही. पुस्तक हवंच. फक्त पुस्तकाआधी मुलाच्या मनात प्रश्न हवा.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

वर्गात काय करता येईल?

हा धडा नुसता वाचून दाखवू नका. तीन गोष्टी करून बघा.

पहिली : बादलीत पाणी घेऊन काठीने जोरात गोल ढवळा. मधे खड्डा पडतो, कडेला पाणी चढतं. पंपाच्या आतलं पातं हेच करतं. पाणी कडेला फेकलं जातं, मधला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी त्या जागी ढकलतो. म्हणजे पंप पाणी ओढत नाही, हवा ते ढकलते. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १० मीटर चढवू शकतो, प्रत्यक्षात ६-७ मीटरच धरायचे. आता मुलांना विचारा : आपल्याकडे काठावर ठेवलेला पंप चालतो, मग देशावरच्या खोल विहिरीत तो आत उतरवून का बसवतात? उत्तर मुलंच देतील.

दुसरी : प्रत्येकाने घरातलं एक अवजार निवडायचं. कोयता, विळी, जाळं विणायची सुई, काहीही. जे माणूस ते रोज वापरतं, त्याच्याकडून तीन तक्रारी लिहून आणायच्या. आईची विळीबद्दलची तक्रार आपण कधी ऐकलेलीच नसते! मग मापं घेऊन त्याचं समोरून आणि वरून असं रेखाटन काढायचं आणि एक बदल सुचवायचा. पुठ्ठ्याचा नमुना करून त्याच माणसाच्या हातात द्यायचा. ते काय म्हणतं ते लिहायचं.

तिसरी, आणि ही आपल्यासाठी आहे : ज्या मुलाचा नमुना फसला पण का फसला हे ज्याला सांगता आलं, त्याला पूर्ण गुण द्या. नांगर दोन वर्षं पडून होता. त्या दोन वर्षांत आपण लक्ष्मणरावांची परीक्षा घेतली असती, तर त्यांना नापासच केलं असतं.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी वाडीतल्या पंपाचे नट खोलून बसली, तर ओरडण्याआधी दोन गोष्टी बघा. वीज बंद केली आहे ना? आणि काय शोधायचं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर जरूर ओरडा. दुसऱ्याचं उत्तर आलं, तर शेजारी बसा.

हा उपक्रम आपल्या वर्गात करून बघा आणि मुलांनी आणलेल्या तक्रारी जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा धडा त्यांतूनच निघेल.