बीगल जहाजावरील प्रवासी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात काही बेटे आहेत. समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी जागे झाले, तप्त लाव्हारस वर आला, थंड झाला आणि त्यांतून ही बेटे तयार झाली. त्यांना गालापागोस बेटे म्हणतात. सप्टेंबर १८३५ मध्ये एक लहानसे इंग्रजी जहाज या बेटांजवळ आले. त्या जहाजाचे नाव बीगल. त्यातून सव्वीस वर्षांचा एक तरुण काळ्या खडकांवर उतरला. हा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नावाजलेले डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. मोठ्या बहिणींनी त्याचा सांभाळ केला.

शाळेत चार्ल्सचे मन रमत नसे. जुन्या भाषांतील कविता पाठ करायच्या आणि दोन दिवसांत विसरून जायच्या, हे त्याला आवडत नव्हते. त्याला शंखशिंपले, दगड, पक्ष्यांची अंडी आणि किडे गोळा करण्याचा नाद होता. घराच्या बागेतील एका खोलीत तो आणि त्याचा थोरला भाऊ रसायनांचे प्रयोग करत. त्यामुळे शाळेतील मुलांनी त्याला गॅस असे टोपणनाव दिले. मुख्याध्यापकांनी तर सर्वांसमोर त्याची कानउघाडणी केली. वडिलांनाही काळजी वाटू लागली. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांशिवाय या मुलाला काही सुचत नाही, हा घराण्याला कमीपणा आणील, असे ते रागाच्या भरात बोलून गेले. ते बोल चार्ल्स जन्मभर विसरला नाही.

मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला एडिंबरो येथे पाठवले. त्या काळी रुग्णाला बेशुद्ध करण्याचे औषध नव्हते. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया पाहताना चार्ल्स खोलीतून बाहेर पळून आला. त्याने वैद्यकीय शिक्षण सोडले. पण तेथे तो एक उपयोगी विद्या शिकला. जॉन एडमनस्टन नावाचे एक कृष्णवर्णी गृहस्थ त्या गावात राहत. ते पूर्वी गुलाम होते, नंतर मुक्त झाले होते. मेलेल्या पक्ष्यांमध्ये पेंढा भरून ते कसे टिकवावेत, हे त्यांनी चार्ल्सला शिकवले. पुढे प्रवासात ही विद्या फार कामी आली.

नंतर वडिलांनी त्याला धर्मोपदेशक करण्यासाठी केंब्रिजला पाठवले. तेथेही चार्ल्सचे किड्यांचे वेड सुटले नाही. एकदा झाडाची साल काढताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले. त्याने दोन्ही हातांत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला. तो हातचा जाऊ नये म्हणून चार्ल्सने हातातला एक भुंगेरा चक्क तोंडात टाकला. भुंगेऱ्याने असे जळजळीत पाणी सोडले, की जिभेला चटका बसला आणि त्याला तो थुंकून द्यावा लागला. तिसरा भुंगेराही निसटला. केंब्रिजमध्ये त्याला एक चांगले गुरू भेटले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो त्याला रानावनांत बरोबर नेत आणि नीट पाहायला शिकवत.

१८३१ च्या ऑगस्ट महिन्यात हेन्स्लो यांचे पत्र आले. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे तयार करण्यासाठी बीगल जहाज निघणार होते. जहाजाचे कप्तान फिट्झरॉय यांना सोबतीसाठी निसर्गाचा अभ्यास करणारा तरुण हवा होता. चार्ल्सला आनंदाने आकाश ठेंगणे झाले. पण वडिलांनी नकार दिला. हा प्रवास धोक्याचा आहे आणि त्यातून काही हाती लागणार नाही, असे त्यांना वाटले. मात्र एखाद्या शहाण्या माणसाने जाण्याचा सल्ला दिला, तर आपण परवानगी देऊ, असेही ते म्हणाले. चार्ल्सने निराश होऊन नकाराचे पत्र लिहिले आणि तो मामाच्या गावी गेला. मामांनी वडिलांचे सारे आक्षेप ऐकून घेतले, एकेकाचे उत्तर लिहून पाठवले आणि भाच्याला घेऊन स्वतः त्याच्या घरी आले. वडिलांनी शब्द पाळला.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने प्लिमथ बंदर सोडले. जहाज जेमतेम नव्वद फूट लांब होते आणि त्यावर सत्तरहून अधिक माणसे होती. नकाशांचे मोठे टेबल असलेल्या एका लहान खोलीत डार्विन यांना जागा मिळाली. टेबलाच्या वर झोळी टांगून ते झोपत. पाय पसरता यावेत म्हणून रात्री कपाटाचा एक खण काढून ठेवावा लागे. बोट लागण्याचा त्रास तर त्यांना प्रवास संपेपर्यंत होत राहिला. तरीही ते मधूनच परत गेले नाहीत. दोन वर्षांचा ठरलेला प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला.

ब्राझीलमध्ये त्यांनी घनदाट अरण्ये पाहिली आणि गुलामांचे हालही पाहिले. गुलाम सुखी असतात, असे फिट्झरॉय यांचे मत होते. मालकासमोर गुलाम दुसरे काय सांगणार, असे डार्विन यांनी विचारताच कप्तान संतापले. दोघांचे भांडण झाले. पुढे कप्तानांनी स्वतःच माफी मागितली. अर्जेंटिनात डार्विन यांना नामशेष झालेल्या प्रचंड प्राण्यांची हाडे सापडली. चिलीमध्ये १८३५ च्या फेब्रुवारीत मोठा भूकंप झाला. त्यानंतर किनाऱ्यावरची जमीन काही फूट वर उचलली गेलेली त्यांनी पाहिली. पृथ्वी स्थिर नाही, ती हळूहळू बदलत असते, हे त्यांना उमगले.

मग गालापागोस बेटे आली. पहिल्या दृष्टीला ती त्यांना मुळीच सुंदर वाटली नाहीत. उन्हाने तापलेला काळा खडक, खुरटी झुडपे आणि निवडुंग. पण प्राणी मात्र अद्भुत होते. दोनशे किलोहून जास्त वजनाची कासवे पाण्याच्या झऱ्याकडे संथपणे चालत जात. डार्विन त्यांच्या पाठीवर बसून पाहत. पण तोल सांभाळणे कठीण जाई. किनाऱ्यावर काळे इग्वाना पहुडलेले असत. हे घोरपडीसारखे प्राणी समुद्रात पोहून शेवाळ खातात. डार्विन यांनी एका इग्वानाला शेपटीला धरून पुन्हा पुन्हा पाण्यात फेकले. दर वेळी तो सरळ पोहत त्यांच्याकडेच परत येई. किनाऱ्यावर त्याला शत्रू माहीतच नव्हता. धोका असलाच तर तो समुद्रातल्या शार्क माशांचा, असा तर्क डार्विन यांनी केला.

तेथील पक्षीही माणसाला भीत नसत. फांदीवर बसलेल्या एका ससाण्याला डार्विन यांनी बंदुकीच्या नळीने ढकलले. एका विहिरीजवळ एक मुलगा हातात छडी घेऊन बसला होता. पाणी प्यायला येणारे पारवे तो छडीनेच मारत होता. जेथे नवा शिकारी येतो, तेथील प्राण्यांना त्याची भीती अंगवळणी पडेपर्यंत केवढा संहार होत असेल, हा विचार डार्विन यांच्या मनात आला.

बीगल या बेटांमध्ये सुमारे पाच आठवडे होते. डार्विन चार बेटांवर उतरले. एके दिवशी तेथील कारभार पाहणारे अधिकारी लॉसन यांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. कासव पाहिले, की ते कोणत्या बेटावरचे आहे, हे आपण ओळखू शकतो, असे ते म्हणाले. काही बेटांवर कासवांची पाठ घुमटासारखी गोल असते. काही कोरड्या बेटांवर ती पुढच्या बाजूला खोगिरासारखी उचललेली असते. त्यामुळे मान उंच करून निवडुंग खाता येतो. डार्विन यांनी त्या वेळी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. इतक्या जवळच्या बेटांवर वेगवेगळे प्राणी असतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. जहाजावर तीसएक कासवे खाण्यासाठी घेतली होती. परतीच्या वाटेवर खलाशांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांचे मांस खाल्ले आणि पाठी समुद्रात फेकून दिल्या. मोलाचा पुरावा पाण्यात गेला.

आणखी एक चूक झाली. डार्विन यांनी लहान लहान पक्षी गोळा केले होते. कोणाची चोच जाड, कोणाची बारीक. पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे बहुतेक पक्ष्यांच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिले नाही. मॉकिंगबर्ड नावाच्या पक्ष्यांच्या चिठ्ठ्या मात्र त्यांनी नीट लिहिल्या होत्या, कारण ते बेटागणिक वेगळे दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले होते.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी बीगल इंग्लंडला परतले. १८३७ च्या जानेवारीत पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी ते पक्षी तपासले. निरनिराळ्या चोचींचे ते पक्षी वेगवेगळ्या कुळांतले नसून सारे फिंच या एकाच गटातील भिन्न जाती होत्या. डार्विन यांना आपली चूक कळली. ती त्यांनी झाकून ठेवली नाही. कप्तान फिट्झरॉय आणि इतर सोबत्यांनीही काही पक्षी आणले होते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर बेटांची नावे होती. डार्विन यांनी ते संग्रह मागून घेतले आणि आपली माहिती शक्य तेवढी दुरुस्त केली.

या अभ्यासातून त्यांच्या मनात एक विचार वाढू लागला. प्राण्यांच्या एकाच जातीतही थोडेथोडे फरक असतात. ज्यांचे फरक परिस्थितीला सोयीचे असतात, ते अधिक टिकतात आणि त्यांची पिल्लेही तशीच होतात. असे हजारो पिढ्या घडले, की नवी जाती तयार होते. याला त्यांनी नैसर्गिक निवड म्हटले. पण त्यांनी घाईने पुस्तक काढले नाही. १८३९ मध्ये मामेबहीण एमा हिच्याशी त्यांचे लग्न झाले. १८४२ मध्ये ते डाउन या खेड्यात राहायला गेले. प्रकृती सतत बिघडत असे. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली. हे दुःख सोसत त्यांनी वीस वर्षे पुरावे गोळा केले. कबुतरे पाळली, बिया खाऱ्या पाण्यात ठेवून रुजतात का ते पाहिले, आणि समुद्रातील बार्नेकल या लहान प्राण्यांवर आठ वर्षे घालवली.

१८५८ च्या जून महिन्यात एक पाकीट आले. दूर आग्नेय आशियातील बेटांवर काम करणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी आपला निबंध पाठवला होता. त्यात अगदी डार्विन यांचाच विचार मांडलेला होता! वीस वर्षांच्या कष्टांचे श्रेय दुसऱ्याला जाणार होते. तो कागद दडवणे सोपे होते. पण डार्विन यांनी तो आपले मित्र लायेल यांच्याकडे पाठवून दिला. मित्रांनी दोघांचेही लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या एका शास्त्रीय सभेत वाचण्याची व्यवस्था केली. डार्विन स्वतः हजर नव्हते. त्यांचे तान्हे बाळ नुकतेच वारले होते. पुढे वॉलेस आणि डार्विन यांनी आयुष्यभर एकमेकांचा मान राखला.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी जीवजातींच्या उत्पत्तीवरील डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर मोठे वाद झाले. डार्विन वादाच्या सभांपासून दूर राहिले आणि काम करत राहिले. त्यांचे शेवटचे पुस्तक गांडुळांवर होते. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

गालापागोस बेटे इक्वेडोर देशाची आहेत. १९५९ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. आजही प्रवासी लहान जहाजांतून तेथे जातात. एका जहाजात शंभराहून अधिक प्रवासी नेता येत नाहीत. सोबत मार्गदर्शक असावा लागतो, आखलेल्या वाटेवरूनच चालावे लागते आणि प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहावे लागते. इग्वानाला शेपटीला धरणे आणि कासवावर बसणे आता चालत नाही. हे नियम उशिरा आले. फ्लोरियाना बेटावरील मूळ कासवांची जात डार्विन जिवंत असतानाच नाहीशी झाली. पिंटा बेटावरचे शेवटचे कासव २०१२ मध्ये मेले. लोक त्याला एकाकी जॉर्ज म्हणत.

डार्विन यांच्या जीवनातून काय दिसते? शाळेत मागे पडलेला, वडिलांना निराश करणारा एक मुलगा पाहण्याचा आणि विचार करण्याचा कंटाळा करत नाही. चूक झाली तर ती कबूल करतो आणि सुधारतो. दुसऱ्याचे श्रेय लपवत नाही. एका छोट्या जहाजावरचा हा प्रवासी म्हणूनच साऱ्या जगाला नवी दृष्टी देऊन गेला.